पहाटेचा भूकंप, सकाळची लाट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "त्सुनामी म्हणजे जपान, इंडोनेशिया, फार तर तमिळनाडू. आपल्या अरबी समुद्रात ती कुठे येते?" वेळ संपली म्हणून उत्तर राहिलं. आज तिथूनच सुरुवात करू.

तारीख आहे 28 नोव्हेंबर 1945. पहाटे साडेतीनच्या सुमारास मक्रानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पसनी गावासमोर, समुद्राखाली 8.1 क्षमतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतोय. पसनी उद्ध्वस्त झालं. आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईत पाणी चढलं, सुमारे दोन मीटर. बंदरातल्या होड्या दोर तुटून वाहून गेल्या, माणसंही दगावली. हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी याची नोंद करून ठेवली आहे. मराठी माणसाने लिहिलेली, मुंबईबद्दलची नोंद, आणि आपल्यालाच ठाऊक नाही!

आता वेळेकडे बघा. साडेतीन ते सव्वाआठ, म्हणजे पावणेपाच तास. एवढा उशीर का? त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोल समुद्रात ती ताशी सहाशे किलोमीटरने धावते. पन्नास मीटर खोलीवर आली की ताशी ऐंशीच्या आसपास. मुंबईसमोरचा समुद्र खूप दूरवर उथळ आहे, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात ती रेंगाळते. (उथळ पाण्यात वेग घटतो तशी उंची वाढते, हेही विसरू नका.)

मुंबईला पावणेपाच तास मिळतात, म्हणजे यंत्रणेने इशारा द्यायला भरपूर अवधी आहे. 2004 नंतर हिंदी महासागरासाठी अशी यंत्रणा उभी राहिली. युनेस्कोच्या आंतरसरकारी सागरविज्ञान आयोगाने देशांना एकत्र आणलं. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र आज ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या केंद्रांबरोबर इतर देशांनाही इशारे पाठवतं. दर काही वर्षांनी सगळे मिळून कवायत करतात, आणि त्यात मक्रानचा काल्पनिक भूकंपही घेतला गेला आहे.

पण पसनीच्या माणसाचं काय? भूकंप त्याच्या दाराशीच. तिथे भोंगा वाजायची वाट बघत बसणं धोक्याचं. जमीन खूप वेळ हलली की उंचावर निघायचं, बस. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर हे लोकांच्या तोंडी होतं. 1907च्या लाटेनंतर 'स्मोंग' नावाने ती आठवण आजी-आजोबा नातवंडांना सांगत राहिले. 2004 मध्ये बेटावर सत्तर हजारांवर लोक होते, लाट काही मिनिटांत आली, आणि मृत्यू झाले सात. शेजारच्या आचेमध्ये मात्र दीड लाखाहून जास्त माणसं गेली.

म्हणजे आठवण हेही उपकरणच आहे. हे ओळखून युनेस्कोच्या छत्राखाली संशोधकांनी अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर 1945ची लाट पाहिलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, आणि 2015 मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. या कामात अमेरिकेचे भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटरही होते. जपानमधल्या जुन्या दप्तरांत सापडलेल्या, भूकंप न जाणवता आलेल्या लाटेचा उगम 1700 सालच्या उत्तर अमेरिकेतल्या भूकंपात शोधणाऱ्यांपैकी ते एक. दप्तर एका देशात, पुरावा दुसऱ्या देशात. एकट्याने हे कोडं सुटलंच नसतं.

मुलाखतींचं काम वाटतं तितकं सोपं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची घड्याळाची वेळ विचारून उपयोग नसतो. उजाडलं होतं का, होड्या निघाल्या होत्या का, पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं, असं विचारावं लागतं. ऐकीव किती, डोळ्यांनी पाहिलेलं किती, हे वेगळं करावं लागतं. पण यातून जे हाती येतं ते मोजणीयंत्रातून येत नाही. पसनीत मोठी लाट धक्क्यानंतर लगेच नाही, बऱ्याच वेळाने आली. मुख्य धक्क्यातून निघालेली लाट एवढा वेळ घेणार नाही, म्हणून समुद्रतळावरची दरड कोसळली असावी, असा काही संशोधकांचा तर्क आहे. शाळेत शिकवताना याचा अर्थ सरळ आहे: पहिली लाट लहान होती म्हणून खाली उतरायचं नाही.

आपल्याकडे ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना 2020 मध्ये 'त्सुनामी-सज्ज' अशी युनेस्कोची मान्यता मिळाली. तिथे नकाशे, पळण्याच्या वाटा, सराव, सगळं झालंय.

समोरून प्रश्न आलाय, "1945ची लाट पाहिलेलं कोणी आपल्याकडे असेल का?" तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास असणार. कोणाच्या घरी, एखाद्या कोळीवाड्यात असं कोणी असेल, तर या आठवड्यातच जाऊन बसा. फोनवर रेकॉर्ड करा, आणि पाणी कुठपर्यंत आलं ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या, मध्ये बोलू नका.