भंडारदऱ्याच्या तीरीं

सरोवरतीरीं तंबू ठोकून दोन दिवस राहावें, होडी वल्हवावी, ही हौस आतां सुशिक्षित कुटुंबांतहि शिरली आहे. आम्हांस ती स्तुत्यच वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील भंडारदरा त्यासाठीं उत्तम स्थळ होय. प्रवरेवरील विल्सन धरण सन १९२६ मध्यें पूर्ण झालें व हा जलाशय निर्माण झाला. एका टोकास रतनगड, जवळच १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर आणि रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन मंदिर!

परंतु वडीलधाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें गांवचें तळें नव्हे, ही बुडालेली दरी आहे. तिची उतरण पाण्याखालीं तशीच चालू असते. चार पावलांवर तळ सुटतो. यास्तव निष्णात पोहणाऱ्यानेंहि होडींत लाइफ जॅकेट उतरवूं नये, वारा सुटतांच कांठ गांठावा, आणि पावसाळ्यांत हा बेतच करूं नये.

शिवाय, याच पाण्यावर खालच्या गांवांचीं शेतें पिकतात. त्यांत साबण व उष्टें टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या घागरींत टाकणेंच होय. पाहुण्यानें यजमानाच्या घरीं राहावें, तसें येथें मर्यादेनें राहावें. मग तेथील शांतता आपणांस भरभरून मिळेल.