गुणात्मक शोधनिबंधाची अखेरची प्रकरणे

मुलाखती पूर्ण झाल्या, निरीक्षणांच्या वह्या भरल्या, विश्लेषणातून आशयसूत्रे हाती लागली, की शोधनिबंध जवळजवळ संपला असा नवोदित संशोधकाचा समज होतो. मग चर्चा, निष्कर्ष, मर्यादा आणि शिफारशी ही अखेरची प्रकरणे घाईघाईने उरकली जातात. वास्तविक ज्यांनी आपला वेळ आणि आपले अनुभव विश्वासाने संशोधकाच्या स्वाधीन केले, त्यांच्याविषयी जगाने काय समजावे हे याच पानांत ठरते.

समजा, बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा का सुटते, हा एखाद्या अभ्यासाचा विषय आहे. संशोधकाने २० मातांच्या मुलाखती घेतल्या. तोडणीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो. म्हणजे शालेय वर्षाचा मोठा भाग फडावर जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो, त्यामुळे दोघांनाही पहाटेच फडात जावे लागते आणि कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी मागे राहते. मातांनी हे सारे सांगितले, त्यांच्या शब्दांतील निवडक उताऱ्यांसह ते मांडले, की विश्लेषणाचे प्रकरण पुरे होते.

चर्चेच्या प्रकरणाचे काम निराळे असते. तेथे हाती आलेल्या माहितीचा अर्थ लावायचा आणि प्रचलित समजुतींशी व पूर्वीच्या अभ्यासांशी तो ताडून पाहायचा. पालकांच्या अनास्थेमुळे शाळा सुटते, असे सर्रास म्हटले जाते. परंतु उचल आणि कोयता यांच्या व्यवस्थेत मुलीला शाळेत ठेवण्याचा पर्याय त्या घराला कितपत मोकळा असतो, हा प्रश्न चर्चेने विचारावयास हवा. सर्व मुलाखती एकाच दिशेने बोलत नसतील, तर वेगळे सांगणाऱ्या मातेलाही येथे जागा द्यावी. आजीकडे गावी ठेवलेली एखादी मुलगी शिकत राहिली असेल, तर तिच्यामुळे विवेचन अधिक खरे होते. अशी उदाहरणे सोयीस्करपणे गाळण्याचा मोह मोठा असतो.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरी बाळगावी. २० पैकी १४ मातांनी एखादी गोष्ट सांगितली म्हणून '७० टक्के ऊसतोड कुटुंबांत असे घडते' असे लिहिता येत नाही. या माता नमुनानिवडीच्या संख्याशास्त्रीय नियमांनी निवडलेल्या नसतात. गुणात्मक अभ्यासाचे बळ एखादी गोष्ट कशी आणि का घडते हे उलगडण्यात असते; किती ठिकाणी घडते हे मोजण्याची साधने वेगळी आहेत. यिव्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये याच संदर्भात असे मांडले, की एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतो की नाही याचा निर्णय वाचकाने करावा. त्यासाठी पुरेसा तपशील पुरवणे ही संशोधकाची जबाबदारी होय.

निष्कर्ष कसा असावा, हे विल्यम फूट व्हाइट यांच्या 'स्ट्रीट कॉर्नर सोसायटी' या १९४३ मधील ग्रंथात पाहावयास मिळते. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या नॉर्थ एंड या इटालियन वस्तीत व्हाइट सुमारे साडेतीन वर्षे राहिले. ग्रंथात त्यांनी वस्तीला 'कॉर्नरव्हिल' असे कल्पित नाव दिले. अशा वस्त्या म्हणजे विस्कळीत समाज, असे त्या काळी अनेक अभ्यासक मानीत. नाक्यावरच्या तरुणांचे नेतृत्व, देवघेव आणि परस्परांवरील ऋणे बारकाईने नोंदवून व्हाइट वेगळ्याच निष्कर्षाला पोहोचले : वस्तीत संघटन भरपूर आहे, मात्र बाहेरच्या व्यापक समाजाशी त्याचा सांधा जुळत नाही. मागील प्रकरणांतील सर्व प्रसंग या एका विधानाकडे येऊन मिळतात आणि त्यात नवी माहिती एकही नाही. निष्कर्षात नवा पुरावा आणू नये, हा नियम त्यासाठीच आहे.

मर्यादांचा भाग पुष्कळदा 'वेळ अपुरा होता' अशा एका ओळीत संपतो. त्याने वाचकाला काहीच कळत नाही. कोणत्या उणिवेमुळे कोणते विधान कच्चे राहिले, हे तेथे सांगावयाचे असते. मुलाखती केवळ मातांच्या असतील, तर मुकादमांविषयीची विधाने एका बाजूची आहेत, असे स्पष्ट लिहावे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावी क्षेत्रकार्य केले. त्या नोंदींवरून अनेक वर्षांच्या श्रमाने सिद्ध केलेले तिन्ही संच १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे, समाजकंटकांनी लावलेल्या आगीत सापडले. पुढे मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्यांनी 'द रिमेंबर्ड व्हिलेज' लिहिला. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला, हे त्यांनी वाचकांना मोकळेपणाने सांगितले. त्यामुळे त्यातील प्रत्येक वर्णन कोणत्या दृष्टीने वाचावे हे वाचकाला ठरवता येते.

शिफारशी थोड्या असाव्यात आणि निष्कर्षातूनच निघाव्यात. 'पालकांमध्ये जागृती करावी' ही शिफारस वरील अभ्यासातून निघत नाही; कोपीजवळ धाकट्या मुलांना सांभाळण्याची सोय व्हावी, ही निघते.

लेखन पूर्ण झाल्यावर ते मुलाखत देणाऱ्यांना वाचून दाखवावे, अशी पद्धत आज मान्यता पावली आहे. ती सोपी नाही. नाव बदलले तरी आपल्या गावात माणूस ओळखू येतोच. व्हाइट यांनी १९५५ च्या आवृत्तीला जोडलेल्या परिशिष्टात आपल्या क्षेत्रकार्याची हकीकत, चुकांसह, सांगितली. 'डॉक' या टोपणनावाने ग्रंथात आलेल्या त्यांच्या मुख्य सहकाऱ्याने लेखनाचे खर्डे वाचले होते, असेही त्यात नमूद आहे. तरीही १९९२ मध्ये मारियान बूलेन यांनी नॉर्थ एंडला दिलेल्या भेटींच्या आधारे आक्षेप घेतला, की वस्तीतील लोकांना हस्तलिखित दाखवलेच गेले नव्हते. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात व्हाइट यांनी उत्तर दिले. तोवर ग्रंथ प्रसिद्ध होऊन ४९ वर्षे लोटली होती.