फोटो आडवा झालेला नाही, तो आडवाच होता

“मोबाइलवर तर सरळ दिसतोय! तुमच्या फॉर्ममध्येच कसा आडवा होतो?”

विद्यार्थ्यांची, सभासदांची किंवा पेशंटची माहिती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला हा प्रश्न विचारला आहे. त्यामागचा समज दर वेळी तोच असतो: फाइल ठीक आहे, डेटाबेसने ती फिरवली. एका शाळेत याच समजापायी नववीच्या मुलांना पुन्हा भिंतीपाशी उभं करून सगळे फोटो नव्याने काढले. नवे फोटोही आडवेच आले. लिपिक बाईंचा अख्खा दिवस गेला आणि मुलांचे दोन तास बुडाले, म्हणून हे एकदा नीट सांगायलाच हवं.

डेटाबेस फोटो फिरवत नाही. फोटो काढला त्या क्षणापासूनच तो आडवा असतो.

फोनचा सेन्सर आत पक्का बसवलेला असतो, आणि त्याची लांब बाजू बहुधा फोनच्या लांब बाजूलाच समांतर असते. तुम्ही फोन उभा धरला म्हणून सेन्सरची ओळी वाचण्याची दिशा बदलत नाही. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत, उदाहरणार्थ, 4032 रुंद आणि 3024 उंच अशीच पिक्सेलची चौकट भरते, मुलाचं डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. फोन कसा धरला आहे हे ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. त्यावरून कॅमेरा बहुधा पिक्सेल न हलवता फाइलच्या सुरुवातीच्या एक्झिफ नोंदीत एक आकडा लिहून ठेवतो. एक्झिफ हे जपानी उद्योगसंघटनेनं 1995 मध्ये आणलेलं मानक. त्यातल्या 274 क्रमांकाच्या टॅगमध्ये 1 ते 8 यांपैकी एक आकडा असतो. 1 म्हणजे आहे तसं दाखवा, 3 म्हणजे उलटं करून, 6 म्हणजे घड्याळाच्या दिशेनं 90 अंश फिरवून, 8 म्हणजे विरुद्ध दिशेनं 90 अंश. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या प्रतिमांचे.

मोबाइलची गॅलरी हा आकडा वाचते आणि दाखवताना फोटो वळवते. ॲक्सेसच्या फॉर्मवरचं इमेज कंट्रोल तो वाचत नाही, पिक्सेल जसे आहेत तसे मांडतं. म्हणजे फाइलमध्ये खरोखर काय आहे ते तुम्हाला फॉर्मच दाखवतो आहे. यात ॲक्सेस एकटं नाही. वेबपानावरचा फोटो या आकड्यानुसार आपोआप वळवायला क्रोमनेसुद्धा 81व्या आवृत्तीत, 2020 मध्ये सुरुवात केली.

“मग काही मुलांचेच फोटो आडवे का?” कारण फोन वेगवेगळे आहेत. अँड्रॉइडच्या डेव्हलपरांसाठीच्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलं आहे की कॅमेऱ्यानं दिशा एक्झिफमध्ये नोंदवावी किंवा पिक्सेलच फिरवावेत, दोन्ही चालेल. ज्या फोननं पिक्सेल फिरवले त्याचे फोटो सरळ दिसतात, बाकीच्यांचे आडवे.

आता उपायांबद्दलचे गैरसमज, आणि इथे माझा संयम सुटतो. इमेज कंट्रोलच्या साईझ मोडमध्ये क्लिप, स्ट्रेच, झूम असं आलटून पालटून बघत लोक तास घालवतात. त्यातला एकही पर्याय फोटो फिरवत नाही. दुसरा सल्ला मिळतो, “टॅग 1 करून टाका.” अहो, फॉर्म जो आकडा वाचतच नाही तो बदलून फॉर्मला काय कळणार? उलट, मोबाइलवर सरळ दिसणारा फोटो आता तिथेही आडवा होईल! आणि तिसरी चूक सर्वांत फसवी: पिक्सेल फिरवायचे पण टॅगमध्ये 6 तसाच ठेवायचा. फॉर्ममध्ये फोटो सरळ दिसतो, सगळे निश्चिंत होतात, आणि महिन्याभरानं तीच फाइल ओळखपत्रं छापायला गेली की दुसरा प्रोग्राम तो 6 वाचून सरळ फोटो पुन्हा वळवतो.

पिक्सेल फिरवणं आणि टॅग 1 करणं, ही दोन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत, आणि तीही फोटो डेटाबेसमध्ये जाण्याआधी. इमेजमॅजिकचा ऑटो-ओरिएंट पर्याय हे एका झटक्यात करतो. पायथॉन येत असेल तर पिलो लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. ॲक्सेसमधूनच करायचं असेल तर व्हीबीएतून विंडोजची डब्ल्यूआयए लायब्ररी वापरा: आधी 274 वाचा, त्यानुसार रोटेट-फ्लिप फिल्टर लावा, टॅग 1 करा, मग नव्या नावानं सेव्ह करा. मूळ फाइल जपून ठेवा. फोटो अटॅचमेंटमध्ये आधीच भरले असतील तर ते बाहेर काढून, दुरुस्त करून परत भरावे लागतील. खरं तर फोटो फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवलेला बरा, कारण ॲक्सेसच्या एका फाइलची मर्यादा 2 गीगाबाइट आहे. 3 मेगाबाइटचे सातशेही फोटो त्यात मावत नाहीत.

बाकीचे समज थोडक्यात. फोन आडवा धरला की प्रश्न मिटतो? तो दोन बाजूंनी आडवा धरता येतो, आणि त्यातल्या एका बाजूनं काढलेले फोटो फॉर्ममध्ये थेट उलटे दिसतील. व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवलेला फोटो सरळ होतो, हे खरं. पण तो लहानही होतो आणि काढल्याची तारीखही पुसली जाते. फिरवल्यानं दर्जा घसरतो? जेपीईजी पुन्हा दाबून सेव्ह केला तर किंचित. जेपीईजीट्रॅनसारखी साधनं मात्र पिक्सेलचे ठोकळेच्या ठोकळे पुन्हा न दाबता फिरवतात. हे ठोकळे मोठ्यात मोठे साधारण 16 पिक्सेलचे, आणि 4032 व 3024 या दोन्ही आकड्यांना 16 नं पूर्ण भाग जातो, त्यामुळे अशा फोटोत काहीच गमावलं जात नाही.

दाखले आणि गुणपत्रकांचे फोटो मात्र वेगळे काढून ठेवा. टेबलावरच्या कागदावर फोन सपाट धरला की गुरुत्वाकर्षणाची ओढ स्क्रीनला काटकोनात येते आणि वरची बाजू कोणती हे फोनला ठरवता येत नाही. अशा वेळी टॅगमधला आकडाच चुकीचा असू शकतो, आणि त्यावर विसंबलेला ऑटो-ओरिएंटही चुकतो. ते फोटो डोळ्यांनी बघून हातानंच फिरवावे लागतात.