श्रेयाची वाटणी कोणी करावी?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्यानंतर शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या दोन ग्रामीण तालुक्यांतील शिक्षकांच्या खोल्यांत, चहाच्या दुकानांत आणि कल्याणकडे निघालेल्या एस.टी.त खेळाडूंइतकीच चर्चा झाली ती त्यांच्या प्रशिक्षकाची. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा आणि तीस शतके करूनही भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेले अमोल मुझुमदार हे ते प्रशिक्षक. चर्चेचा सूर पुढे बदलला आणि एक जुनाच वाद नव्याने उभा राहिला. खेळाडूला प्रशिक्षकाने घडविले हे ठीक. पण त्या प्रशिक्षकाला घडविले कोणी?

पहिले नाव अर्थातच रमाकांत आचरेकर यांचे निघते. शारदाश्रम शाळा, शिवाजी पार्कचे मैदान आणि यष्टीवर ठेवलेले रुपयाचे नाणे यांची कथा आता घराघरांत ठाऊक आहे. तिचा कमी बोलला जाणारा भाग असा की, आचरेकरांच्या हाताखालून जसे फलंदाज निघाले तसे प्रशिक्षकही निघाले. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, रमेश पोवार, अमोल मुझुमदार ही नावे त्यातलीच. जून २०२२ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा एका बाजूला मध्य प्रदेशचे प्रशिक्षक पंडित होते, तर दुसऱ्या बाजूला मुंबईचे प्रशिक्षक मुझुमदार. दोघेही एकाच गुरूचे शिष्य. मध्य प्रदेशने सहा गडी राखून विजय मिळविला आणि करंडक प्रथमच त्या राज्याकडे गेला. याच मैदानावर १९९९ साली पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार असताना कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. त्या सामन्यानंतर आचरेकरांच्या अनेक चाहत्यांनी म्हटले की, कोणीही जिंकले असते तरी सर जिंकलेच होते. २ जानेवारी २०१९ रोजी निवर्तलेल्या गुरूला वाहिलेली श्रद्धांजली म्हणून हे वाक्य सुंदर आहे. हिशेब म्हणून मात्र ते जरा घाईचे आहे.

कारण आचरेकरांनी शिकविली ती फलंदाजी. संघ कसा बांधावा, वर्षानुवर्षे हरणाऱ्या खेळाडूंच्या मनातील भीती कशी काढावी, निवड समितीशी कसे वागावे, हे शिवाजी पार्कच्या जाळ्यात शिकविले जात नव्हते. स्वतः आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले होते. पंडितांविषयी बोलताना मुंबईच्या मैदानांचा जाणकार अशोक मांकड यांच्या धूर्त कर्णधारपदाची आठवण काढील. १९९९ च्या पराभवानेच पंडितांना प्रशिक्षक केले, असे आणखी कोणी म्हणेल, आणि तेही सर्वस्वी खोटे नाही. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकले. पण तेथेही पंडितांच्या शेजारी गोलंदाजांना घडविणारे सुब्रतो बॅनर्जी होते, हे विसरून कसे चालेल? मुझुमदारांच्या बाबतीत तर उणिवेलाच गुरू मानणारे पुष्कळ आहेत. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकावर वाट पाहत बसलेला मुलगा मुझुमदार होता. पुढची दोन दशके त्याने या ना त्या रीतीने वाटच पाहिली. संधी न मिळालेल्याचे मन त्याला कळते ते तेथून, असा हा युक्तिवाद.

त्याच प्रसंगातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. त्या दिवशी मैदानावर आचरेकर नव्हते. सीमेपलीकडून डाव घोषित करण्याच्या खुणा करीत होते ते त्यांचे साहाय्यक लक्ष्मण चव्हाण, आणि दोघा मुलांनी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले. विक्रमाच्या कथेत चव्हाणांच्या वाट्याला एवढीच भूमिका आली. साहाय्यकाच्या नशिबी बहुधा असेच असते.

अमेरिकेत हा वाद महाविद्यालयीन फुटबॉलच्या निमित्ताने चालतो. तेथे प्रशिक्षकांचे रीतसर वंशवृक्ष काढले जातात. निक सबान हे अलाबामा विद्यापीठाचे विख्यात माजी प्रशिक्षक. १९९१ ते १९९४ या काळात क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात ते बिल बेलिचिक यांच्या हाताखाली होते, म्हणून त्यांना बेलिचिकच्या फांदीवर बसविण्याची पद्धत आहे. परंतु केंट स्टेट विद्यापीठात खेळणाऱ्या सबानला १९७३ साली प्रशिक्षणाच्या कामाला लावले ते डॉन जेम्स यांनी. सबानच्या मनात प्रशिक्षक होण्याचा विचारही नव्हता. पत्नीचे शिक्षण पुरे व्हायचे होते म्हणून तो तेथे थांबला, इतकेच. मग मूळ कोणते मानायचे? ज्याने वाटेवर आणले तो, की ज्याने वाट चालायला शिकविले तो? आपल्याकडे घराण्यांच्या परंपरेत हा प्रश्न गंडाबंधनाने सोडविलेला असतो. ज्याचा गंडा बांधला त्याचे नाव घ्यायचे. बाकीच्यांकडून जे उचलले ते मनात ठेवायचे. सोय म्हणून ही व्यवस्था चांगली आहे. सत्य तिच्यात पुरते मावत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या वादात एक जुनी ओळख पटेल. वस्तूचे मूल्य उपयुक्ततेने ठरते की उत्पादनखर्चाने, या वादावर आल्फ्रेड मार्शलने कात्रीचा दाखला दिला होता. कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, असे विचारणे व्यर्थ आहे. अनेक घटकांच्या संयोगातून निघालेल्या फळाचे घटकवार वाटे पाडता येत नाहीत. एक घटक काढला तर सगळेच फळ जाते. आचरेकरांचा वाटा साठ टक्के आणि मांकडांचा वीस, असली मांडणी म्हणूनच हास्यास्पद आहे. येथवर मार्शलचे म्हणणे पटते. परंतु व्यवहार येथे थांबत नाही. वाटे पाडता येत नसले तरी ते पाडले जातात, आणि ते नेहमी एकाच बाजूला झुकतात. शेवटचा हात ज्याचा, श्रेय त्याचे. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार होते; त्यांना पद्मश्री मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. हे तर विख्यात गुरूचे झाले. प्रशिक्षकांना द्यायच्या रोख रकमेत प्राथमिक पातळीवरच्या प्रशिक्षकालाही हिस्सा असावा, हे तत्त्व केंद्र शासनाने अलीकडे मान्य केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण हिस्सा घेण्यासाठी आधी त्या प्रशिक्षकाचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे लागते.

शहापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. तानसा आणि भातसा त्याच्याच तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसाचा, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यातले. नळ सोडणाऱ्याला धरणाचे नाव ठाऊक नसते.

येथला खरा खेळ कबड्डीचा. भातकापणी झाली की गावोगाव मैदाने आखली जातात. आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादे गुरुजी असतात. खेळासाठी वेगळा शिक्षक बहुतेक प्राथमिक शाळांत नसतोच, तेव्हा गणित शिकविणारेच शिट्टी गळ्यात अडकवितात. त्यांच्या हाताखालचा मुलगा पुढे कल्याण-ठाण्याच्या एखाद्या मंडळाकडे जातो, शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसांत लागतो, तेथल्या संघातून खेळतो आणि चाळिशीच्या सुमारास स्वतः प्रशिक्षक होतो. या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर मागचे एक नाव गळते. पोलीस संघाला मंडळ आठवते, मंडळाला शाळा आठवतेच असे नाही, आणि गुरुजींची तर एव्हाना दोन-तीनदा बदली झालेली असते. त्यांच्या सेवापुस्तकात रजा, वेतनवाढ आणि बदली यांच्या नोंदी असतात. त्यांनी कोणाला उभे केले याची नोंद नसते.

याची झळ केवळ भावनेला लागते असे नाही. ज्या कामाची कोठे गणती नाही, ते काम पुढच्या पिढीतील शिक्षक का करील? जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांतून उरलेला संध्याकाळचा तास तो मैदानावर घालवितो तो निव्वळ हौसेने, आणि हौशी माणसे प्रत्येक बदलीत मिळतील असा भरवसा कोणता मुख्याध्यापक देऊ शकेल?

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. श्रेय वाटायला बसले की दावेदारांची रांग लागते. ज्यांनी मुलाला फक्त हार घातला, तेही फलकावर आपले छायाचित्र लावून मार्गदर्शक म्हणून मिरवतात. निवडणुकीच्या वर्षात हे फलक अंमळ मोठे होतात. उलट ज्यांनी खरोखर काही सोसले, ते कधी प्रशिक्षक नसतातही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खर्डेकरांनी त्यांना कुस्तीचा एकही डाव शिकविला नव्हता. गुरू, वस्ताद, साहाय्यक, वडील भाऊ, प्राचार्य यांतील कोणाला कोठे बसवायचे, हे ठरविणारे कोष्टक निघणार नाही, आणि ते काढण्याचा प्रयत्न कोणी करूही नये.

नोंद ठेवणे मात्र अवघड नाही. तालुका क्रीडास्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेवर खेळाडूच्या नावापुढे, त्याला पहिल्यांदा मैदानावर उतरविणाऱ्या शिक्षकाचे नाव आणि शाळा लिहिता येईल, आणि ती पत्रिका स्पर्धा संपल्यावर रद्दीत न टाकता जपून ठेवता येईल. खर्च एका वहीचा आहे. वीस वर्षांनी मुरबाडचा एखादा प्रशिक्षक मोठ्या संघाबरोबर मंचावर उभा राहिला, तर त्याच्या बालपणीचे गुरुजी कोण हे त्या वहीतून निघेल. आणि ते गुरुजी तेव्हा हयात असले, तर पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवता येईल.