आईने पाहिलेला ‘पँथर’

माझ्या आईने थिएटरात जाऊन परदेशी सिनेमा आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही नावामुळे. ही गोष्ट नोव्हेंबर २०२२ मधली. भाचा मोबाइलवर ‘ब्लॅक पँथर : वकांडा फॉरएव्हर’ची जाहिरात बघत होता. ‘पँथर’ शब्द कानावर पडताच आई भाजी निवडायची थांबली. आमच्या घरी या शब्दाचा एकच अर्थ. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. आणि १० जानेवारी १९७४ रोजी परळच्या मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला, तेव्हा आई याच चाळीत नवी सून होती.

“आजी, हा तो पँथर नव्हे. हा कॉमिकमधला, नखे काढून उड्या मारणारा,” भाच्याने समजावले. तसे पाहिले तर दोघे एकाच वर्षाचे. कॉमिकमधला राजा आणि ओकलंड शहरातला तो पक्ष, दोन्ही १९६६ सालचे. २०१८ चा पहिला भाग आणि हा दुसरा, दोन्हींचा दिग्दर्शक रायन कूगलर हाही ओकलंडचाच. एवढे ऐकल्यावर आई म्हणाली, “मग मलाही न्या.”

रविवारी सकाळच्या खेळाची तिकिटे जरा स्वस्त म्हणून आम्ही तिघे लोअर परळला गेलो. जिथे पूर्वी मिल होती, तिथेच आता मल्टिप्लेक्स आहे. “इथे साचेखाते होते,” असे आई सरकत्या जिन्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाली. वडील साचेवाले होते. सिनेमा हिंदीत होता, त्यामुळे तिला अडचण पडली नाही.

पडदा उजळतो तोच राजा मरणाच्या दारात असतो. राजाचे काम करणारा चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला. त्याच्या जागी दुसरा नट न घेता कूगलरने सिनेमातल्या राजालाही जाऊ दिले. राजाची बहीण शुरी मोठी शास्त्रज्ञ. ती प्रयोगशाळेत औषधासाठी धडपडत असते, आणि आई येऊन सांगते, तो गेला. इथे मी मान खाली घातली. एप्रिल २०२१ मध्ये माझा थोरला भाऊ, या भाच्याचे वडील, कोरोनात गेले. त्या रात्री मीही ऑक्सिजनसाठी फोनावर फोन लावत होते.

मग अंत्ययात्रा. सारे शहर पांढऱ्या कपड्यांत, ढोल वाजताहेत, माणसे नाचताहेत. आई कुजबुजली, “अगं, ही माणसे चैत्यभूमीला निघाल्यासारखी निघालीत.” आणि रडू लागली. आम्हाला भावाचे तोंडसुद्धा पाहायला मिळाले नव्हते. पांढरी साडी नेसून चार माणसे मागे चालण्याचा प्रश्नच नव्हता. (या सिनेमाच्या वेशभूषेसाठी रूथ कार्टर यांना २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. ते पांढरे कपडे पाहिल्यावर त्याचे नवल वाटत नाही.)

पुढचे सगळेच आवडले असे नाही. सिनेमा पावणेतीन तासांच्या आसपास, आणि मधला पाण्याखालचा भाग लांबतो. नेमोर आणि त्याचे लोक हे मूळचे मेक्सिकोकडचे माया. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली देवी आणि गुलामी यांतून सुटण्यासाठी ते समुद्रात शिरले. त्यांच्याकडे तोच मौल्यवान धातू, जो वकांडाकडे. त्या धातूवर डोळा ठेवून आग लावतात अमेरिका आणि फ्रान्स. भांडतात मात्र कोण? वकांडा आणि नेमोर! दोघेही लुटारूंच्या भीतीने लपून राहिलेले, आणि ते एकमेकांची घरे बुडवतात. ज्यांची हाव होती ते शेवटपर्यंत सुखरूप. हे आपल्या वस्तीतही घडते, म्हणून मला त्याचा जास्त राग आला. शेवटी शुरी नेमोरला जीवदान देते, तेवढे बरे वाटले.

पण मला हा सिनेमा लक्षात राहिला तो कपड्यांमुळे. वर्ष झाल्यावर राणी रामोंडा मुलीला नदीकाठी नेते आणि दुःखाचे ते पांढरे कपडे जाळून टाक म्हणते. शुरीला ते जमत नाही. तिला सगळे जग जाळावेसे वाटते. अँजेला बॅसेटने ही आई फार ताकदीने उभी केली आहे. पुढे तीही जाते आणि शुरी स्वतः पँथर होते. अगदी शेवटी हैतीच्या किनाऱ्यावर एकटी बसून ती ते कपडे जाळते. संगीताचा गोंगाट नाही, फक्त भावाचा चेहरा. थिएटरात कुणी उठले नाही. मग नाकिया, राजाची प्रेयसी, एका लहान मुलाला पुढे आणते. तो राजाचा मुलगा.

आमच्याकडे भावाचे चार शर्ट ट्रंकेत घडी करून ठेवलेत. जाळायचे नाहीत, कुणाला द्यायचेही नाहीत, असे आईने बजावले आहे.

परतताना बसमध्ये भाचा कुरकुरत होता, पहिल्या भागाइतकी मारामारी नाही म्हणून. आई बराच वेळ गप्प होती. लालबागच्या सिग्नलला तिने विचारले, “त्या म्हातारीला नातू आहे हे कळले होते का रे, मरायच्या आधी?”

“हो आजी. तिला माहीत होता.”

“मग ठीक,” म्हणाली, आणि पिशवीतली चकली काढून आधी त्याच्या हातावर ठेवली.