तोरमल्लीचे वर्णवैविध्य आणि रत्नाची ओळख

प्रस्तावना :
१७७७ साली स्वीडनचे राजे तिसरे गुस्ताव्ह यांनी रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिला द्राक्षघडाच्या आकाराचे एक लाल रत्न भेट दिले. सुमारे २५५ कॅरट वजनाचे हे रत्न दीर्घकाळ माणिक समजले जात होते. विसाव्या शतकात त्याचे खनिजशास्त्रीय परीक्षण झाले, तेव्हा ते लाल तोरमल्ली, अर्थात टूर्मलीन, असल्याचे आढळले. केवळ रंगावरून रत्नाची ओळख ठरविणे किती फसवे असते, हे या उदाहरणावरून दिसते. प्रस्तुत लेखात तोरमल्लीच्या वर्णवैविध्याची कारणे व त्यांचा दागिन्यांशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

रासायनिक घटना व रंग :
'टूर्मलीन' हे नाव सिंहली शब्दावरून आले आहे. तोरमल्ली हे एक खनिज नसून बोरॉनयुक्त सिलिकेट खनिजांचा गट आहे. स्फटिकाची मूळ रचना कायम राहते. मात्र तिच्यातील ठरावीक जागी लोह, मॅग्नेशियम, लिथियम, मँगनीज अशी वेगवेगळी मूलद्रव्ये सामावली जातात. त्यामुळे रंग बदलतो. लोहाचे प्रमाण अधिक असल्यास काळा शोर्ल तयार होतो. लिथियमयुक्त एल्बाइटमध्ये मँगनीजमुळे गुलाबी व लाल रंगाचा रुबेलाइट, तर लोहामुळे निळा इंडिकोलाइट आढळतो. पूर्व आफ्रिकेतील काही गडद हिरव्या खड्यांचा रंग व्हॅनेडियम व क्रोमियम यांमुळे येतो.

बहुरंगी स्फटिक :
पेग्मटाइट खडकातील पोकळ्यांत स्फटिक वाढत असताना भोवतालच्या द्रवाचे रासायनिक संघटन बदलत जाते व त्या बदलाची नोंद स्फटिकात रंगांच्या थरांच्या रूपाने राहते. गाभा गुलाबी व बाहेरील थर हिरवा असलेल्या स्फटिकास 'कलिंगडी' तोरमल्ली म्हणतात. त्याच्या आडव्या चकत्या कापून पदके व कर्णभूषणे घडवितात. लांबीच्या दिशेने रंग बदलत असल्यास लांबट आयताकृती पैलू पाडतात, जेणेकरून एकाच खड्यात दोन-तीन रंग दिसावेत. शिवाय, एकच खडा निरनिराळ्या दिशांनी पाहिल्यास त्याची छटा बदलते. म्हणून पैलू कोणत्या दिशेने पाडावेत, याचा निर्णय कारागिरास आधीच घ्यावा लागतो.

नाव आणि मूल्य :
ब्राझीलच्या पराइबा राज्यात १९८० च्या दशकात सापडलेल्या तोरमल्लीचा झगझगीत निळा-हिरवा रंग तांब्यामुळे आला आहे. २००० नंतर नायजेरिया व मोझांबिक येथेही ताम्रयुक्त तोरमल्ली आढळली. परिणामी 'पराइबा' हे स्थळनाम व्यापारात प्रकारनाम म्हणूनही वापरले जाऊ लागले. त्यामुळे केवळ नावावरून खड्याचे उगमस्थान कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
तोरमल्लीचा वक्रीभवनांक सुमारे १.६२ ते १.६४, तर माणकाचा १.७६ ते १.७७ असतो. तोरमल्लीची कठिनता ७ ते ७.५, तर माणकाची ९ असते. म्हणजेच डोळ्यांना जो भेद दिसत नाही, तो साध्या वक्रीभवनमापकाने काही क्षणांत स्पष्ट होतो. भूशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एखादा लाल खडा विद्यार्थ्यांपुढे ठेवून हे मापन करवून घेतल्यास, निरीक्षण आणि अनुमान यांतील अंतर त्यांच्या सहज लक्षात येईल. तोरमल्लीला माणिक वा पाचू म्हणवून घेण्याची गरज नाही; इतके रंग एकाच रचनेत सामावणे हेच तिचे स्वतंत्र मूल्य होय.