आभासी यंत्राचें इंटरनेट बंद पडल्यास

एका संगणकाच्या पोटांत केवळ आज्ञावलीच्या बळावर दुसरा संगणक चालवितां येतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. त्याचें नेटवर्क अडॅप्टरही आभासीच. तें अडलें म्हणून उतावळेपणानें सारें यंत्र पुसून नव्यानें बसविल्यास आंतलें काम मात्र हकनाक जातें.

आधीं यंत्राचा पत्ता पाहावा. व्हर्च्युअलबॉक्सच्या 'नॅट' पद्धतींत तो बहुधा १०.०.२.१५ असतो. विंडोजमध्यें १६९.२५४ नें आरंभ होणारा पत्ता दिसला, तर पत्ते वांटणाऱ्या डीएचसीपी सेवेचें उत्तर आलेलें नाहीं, असें समजावें. मग 'केबल कनेक्टेड' ही खूण सेटिंग्जमध्यें केलेली आहे कीं नाहीं, तें तपासावें. 'ब्रिज्ड' पद्धत वायफायवर पुष्कळदां अडते, कारण एकाच जोडणीमागून येणारा दुसरा मॅक पत्ता ॲक्सेस पॉइंट सहसा स्वीकारीत नाहीं; तेथें नॅट बरी. यंत्राची नक्कल केली असल्यास दोहोंचे मॅक पत्ते निराळे असावेत. चाळींत एकाच क्रमांकाचीं दोन बिऱ्हाडें असलीं, तर टपालवाल्यानें पत्र कोणास द्यावें?

आंकडी पत्त्यानें जोडणी होते, पण नांवानें होत नाहीं, तर दोष डीएनएसचा. नाडी पाहिल्यावांचून वैद्य मात्रा देत नाहीं. येथेंही निदान आधीं, उपाय मागून.